नावाचं पातं, कामाचं पातं

कणकवलीच्या मंगळवारच्या बाजारात चाकू घेणारं गिऱ्हाईक आधी पात्याच्या धारेवर हळूच अंगठा आडवा फिरवतं, मग मूठ हलवून बघतं आणि नंतर भाव विचारतं. कोयती, विळी, सुरी ज्या घरात रोज चालते, त्या घरातल्या माणसाला ही पारख शिकवावी लागत नाही. पण तोच माणूस मोबाइलवरून घडीचा चाकू मागवतो, तेव्हा अंगठा फिरवायला पातंच नसतं. समोर असतो फक्त फोटो. त्यात एखाद्या नामांकित, महागड्या चाकूची हुबेहूब नक्कल दोन-तीन हजारांत दिसली, की मोह होतोच.

महागडा म्हणजे किती? अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तयार होणारा ‘सेबेन्झा’ चारशे डॉलरांच्याही वर जातो. तो घडवणारे क्रिस रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि ‘सेबेन्झा’ या झुलू शब्दाचा अर्थ ‘काम’. १९९१च्या सुमाराला आलेल्या या चाकूला कुलपासाठी वेगळी स्प्रिंग नाही. टायटॅनियमच्या मुठीलाच चिरून एक पट्टी मोकळी केलेली असते. पातं उघडलं की ती पट्टी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून उभी राहते. युक्ती बघायला अगदी सोपी. सगळी किंमत आहे ती टेकण्याच्या जागेच्या मापाला. तिथे केसभर चूक झाली, तर पट्टी निसटून पातं बोटांवर मिटतं, नाहीतर ती इतकी रुतते की चाकू मिटवायला दोन्ही हात लागतात. नक्कल करणाऱ्याला आकार उचलता येतो. हे माप दर नगात सांभाळणं त्याला परवडत नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘रेप्लिका’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. बेंचमेड या अमेरिकी कंपनीचं ‘अ‍ॅक्सिस’ कुलूप १९९८मध्ये बाजारात आलं. पेटंटची मुदत वीस वर्षांची. ती सरल्यावर अनेक कंपन्या तशाच आडव्या दांडीच्या कुलपाचे चाकू स्वतःच्या नावाने राजरोस विकू लागल्या. त्यात चोरी नाही. दुसरी वस्तू मात्र मूळ कंपनीचं नाव, तिचं चिन्ह आणि तिच्या पोलादाचं नावसुद्धा पात्यावर कोरून येते. ती सरळसरळ फसवणूक आहे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार खोटी छाप असलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

सिंधुदुर्गातल्या माणसाला ही फसवणूक वेगळी समजावून सांगायला नको. कर्नाटकातला आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून पेटीत भरला जातो, हे इथल्या बागायतदारांचं जुनं दुखणं. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ते थांबलं नाही. शेवटी २०२५च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं. कर्नाटकातला आंबा स्वतःच्या नावाने विकला, तर त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. चाकूचंही तसंच. स्वतःचं नाव लावून येणारा स्वस्त चाकू खुशाल घ्यावा. दुसऱ्याचं नाव लावून आलेला घेऊ नये. ज्याने नावच खोटं कोरलं, त्याने पोलादाचं नाव तरी खरं कोरलं असेल, असं का मानायचं?

पोलादाचं नाव मात्र वाचता यायला हवं. स्वस्त चाकूंवर बहुतेक वेळा चिनी नावं असतात आणि ती वाचायला सोपी आहेत. ‘३सीआर१३’ म्हणजे सुमारे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ‘८सीआर१३एमओव्ही’ म्हणजे कार्बन ०.८ टक्के, क्रोमियम तेवढंच. पहिलं पोलाद सहसा गंजत नाही, पण त्याची धार चार दिवसांत बसते. दुसरं घरच्या कामाला चांगलं. सेबेन्झात बरीच वर्षं वापरलेल्या ‘एस३५व्हीएन’मध्ये कार्बन १.४ टक्क्यांच्या आसपास आणि शिवाय ३ टक्के व्हॅनेडियम असतं, म्हणून त्याची धार खूप टिकते. अर्थात पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, तर उत्तम पोलादही मऊच राहतं. लोहार हे कानशीने ओळखतो. पाणी बसलेल्या पात्यावरून कानस घसरते, कच्च्या पात्यात ती रुतते.

चाकू हातात आला की तो अर्धा उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघावं. खडखडलं, तर बिजागरी ढिली आहे. स्क्रू आवळून ती सुधारली आणि पातं तरीही सहज फिरलं, तर हरकत नाही. पूर्ण उघडलेलं पातं वर-खाली हलत असेल, तर दोष कुलपाचा, आणि तो घरी दुरुस्त होत नाही. मग मूठ अशी धरावी, की मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही, आणि पात्याची पाठ लाकडी पाटावर दोन-चारदा हलकेच आपटावी. कुलूप एकदा जरी सुटलं, तरी चाकू परत पाठवावा. कितीही देखणा असला तरी.

कोकणातली खरी कसोटी हवेची. पावसाळ्याचा दमटपणा, खारा वारा, कैरीचा आणि कोकमाचा आंबटपणा, काजूचा चीक हे सगळं पात्यावर आणि त्याहून जास्त बिजागरीच्या फटीत साचतं. स्वस्त चाकूचं पातं स्टेनलेस असलं, तरी आतले स्क्रू आणि वॉशर तसे असतीलच असं नाही. म्हणून काम झालं की चाकू धुऊन पुसावा आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं.

घेताना लांबीही बघावी. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे. घरकाम आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. सणासुदीला किंवा निवडणुकीत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा छोटाही चाकू खिशात घालून बाजारात फिरू नये. तीन इंचांच्या पात्यात आंबा, सुतळी, खोकी सगळं भागतं.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा. कुलूप आणि बिजागरी पार्सल फोडल्याबरोबर बघावी, कागद कापून धार बघावी. कैरी चिरून रात्रभर पातं तसंच ठेवण्याची किंवा मुठीजवळच्या कोपऱ्यावर कानस लावण्याची परीक्षा, चाकू ठेवून घ्यायचं नक्की ठरल्यावरच करावी. एकदा डाग किंवा ओरखडा पडला, की विकणारा तो परत घेत नाही.