कथा परकी, कायदा आपला

रूपांतर ही मराठी रसिकाला नवी गोष्ट नव्हे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. या दोघांपुढे प्रश्न होता तो नावांचा, चालीरीतींचा आणि भाषेचा. परंतु परदेशची गुन्ह्याची कथा आपल्याकडे आणावयाची म्हटली म्हणजे आणखी एक अडचण उभी राहते. खून कोठेही झाला तरी खूनच; मात्र त्यानंतरची अटक, कोठडी, जामीन आणि खटला ही त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे चालतात. अशा रूपांतराची खरी परीक्षा तेथेच होते, असे आम्हांस वाटते.

उदाहरणासाठी ‘क्रिमिनल जस्टिस’ ही हिंदी मालिका घेऊ. मूळ मालिका ब्रिटिश. पीटर मोफॅट यांनी लिहिलेली आणि बीबीसीने २००८ मध्ये दाखविलेली. मोफॅट हे लेखक होण्यापूर्वी स्वतः बॅरिस्टर होते. तिच्यावरून २०१६ मध्ये अमेरिकेत ‘द नाइट ऑफ’ निघाली, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये हॉटस्टारवर मुंबईत घडणारी हिंदी मालिका आली. तिन्हींचे बीज एकच. एक साधा तरुण घरची टॅक्सी घेऊन रात्री बाहेर पडतो. एक अनोळखी तरुणी गाडीत बसते. तो तिच्या घरी जातो. जाग येते तेव्हा ती मरून पडलेली असते आणि मधले काही त्याला आठवत नाही. लंडनचा बेन, न्यूयॉर्कचा नाझ आणि मुंबईचा आदित्य हे तिघेही एकाच खाईत पडतात.

आता कोणती गोष्ट समुद्र ओलांडून जशीच्या तशी येते आणि कोणती येत नाही, ते पाहू. पोलीस ठाण्यांतून अशील शोधीत फिरणारा, मोठ्या वकिलांनी तुच्छ लेखलेला वकील तिन्ही देशांत आहे. पण इंग्लंडात तो सॉलिसिटर असतो, आणि वरच्या कोर्टात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा. हा भेद तेथील वकिली व्यवसायाच्या रचनेतच आहे. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचा एकच वर्ग मानला. म्हणून हिंदीत तो भेद प्रतिष्ठेचा झाला. पंकज त्रिपाठी यांचा माधव मिश्रा आणि मिता वसिष्ठ यांच्या मंदिरा माथुर यांच्या हाती सनद एकच आहे; अंतर आहे ते पैशाचे, ओळखींचे आणि इंग्रजीचे. हा बदल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो, कारण आपल्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही तो ओळखता येईल.

याहून मोठा फरक ज्यूरीचा. इंग्लंड-अमेरिकेत खुनाच्या खटल्याचा निकाल बारा सामान्य नागरिक देतात. म्हणून तेथील नाट्य त्या बारा चेहऱ्यांभोवती फिरते. अमेरिकन मालिकेत शेवटी ज्यूरी सहा विरुद्ध सहा अशी दुभंगते. तेथे एकमत लागत असल्याने निकालच लागत नाही. हा शेवट आपल्याकडे आणताच येणार नाही. कारण आपला निकाल एकटा सत्र न्यायाधीश देतो, आणि एका माणसाचे सहा-सहा असे भाग पडत नाहीत.

आपल्याकडे ज्यूरी होती. कमांडर नानावटी यांच्या मुंबईतील खटल्यात १९५९ मध्ये नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे ते दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. या एका खटल्याने ज्यूरी गेली असा समज आहे. वस्तुतः विधी आयोगाने १९५८ मध्येच ती बंद करावी असे सुचविले होते, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. ज्यूरी एका शब्दात कौल देते, कारणे सांगत नाही. न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात, आणि ती वरच्या न्यायालयात तपासता येतात. म्हणून आपल्या कोर्टात भाषणापेक्षा कागद बोलतो. मालिकेतील वकील प्रेक्षकांकडे पाहून कितीही गरजले, तरी खरे वजन साक्षीपुराव्याच्या नोंदींचे असते.

तिसरी गोष्ट मौनाची. अशा कथांतील वकील आरोपीला पहिला उपदेश करतो तो तोंड मिटण्याचा. इंग्लंडात १९९४ च्या कायद्यानुसार काही प्रसंगी आरोपीच्या मौनावरून ज्यूरी प्रतिकूल अनुमान काढू शकते. आपल्याकडे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात आहे; पोलिसांजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे कागदावर आपल्या आरोपीचे संरक्षण कमी नाही.

मग आपल्या आदित्यचे दुःख अधिक गडद का वाटते? त्याचे उत्तर तुरुंगात आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातील कैद्यांपैकी सुमारे ७५ टक्के कच्चे कैदी होते. ज्यांचा खटला संपलेला नाही, ज्यांच्यावर दोष शाबीत झालेला नाही, असे. ब्रिटिश कथेत निकालापूर्वीचा तुरुंग हा एका अभाग्याचा भयंकर अनुभव आहे. आपल्याकडे चार कैद्यांतील तिघांची ती रोजची स्थिती आहे. ठरावीक काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. म्हणून खुनाच्या आरोपीला निकालाची वाट बहुधा गजांआडूनच पाहावी लागते. मालिकेत विक्रांत मॅसी यांचा आदित्य जो हळूहळू पालटत जातो, जॅकी श्रॉफ यांच्या मुस्तफाच्या आश्रयाला जातो, तो शिक्षेमुळे नव्हे, वाट पाहण्यामुळे. तो सुटला तरी आत गेलेला मुलगा बाहेर येत नाही.

अशी मालिका पाहताना आपण ‘खून कोणी केला?’ एवढेच विचारतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवितो: निकाल लागेपर्यंत या माणसाचे काय होते? हा प्रश्न उद्या आपल्या गल्लीतील एखाद्या घराचाही होऊ शकतो. त्या घराला दोन-तीन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. अटक झालेल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसाला, त्याची मिळकत न पाहता, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. माधव मिश्रा दारी चालत येईल, याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.