बोअरची गाडी बोलावण्यापूर्वी



वेल्ह्यात पाऊस धो धो कोसळतो. पण तोरणा-राजगडाच्या उतारांवरून तो वाहून जातो आणि फाल्गुन सरला की वाड्यावस्त्यांवरच्या बायामुली हंडे घेऊन झऱ्यापाशी बसतात. मग घरात बोअरचा विषय निघतो. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, की तिथे गाडी लागते. नुसती धूळ उडाली तरी फुटाचे पैसे मोजावेच लागतात.

आपल्या पायाखाली लाव्हाचे थर एकावर एक बसले आहेत. अखंड काळा कातळ थेंबही देत नाही. कुजलेला मुरूम, भेगाळ खडक यांत पाणी साठते. म्हणूनच बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे खडखडाट.

हा फरक विजेला कळतो. जमिनीत चार सळ्या रोवून बाहेरच्या दोहोंतून बॅटरीची वीज सोडतात, आतल्या दोहोंमध्ये दाब मोजतात. ओला मुरूम विजेला वाट देतो, कोरडा कातळ अडवतो. बाहेरच्या सळ्या लांब नेल्या की वीज खोल उतरते. फ्रान्समध्ये श्लुम्बर्जे यांनी १९१२ साली असे प्रयोग केले. हल्ली एका ओळीत पुष्कळ सळ्या रोवून संगणकावर जमिनीचा उभा छेदच चित्रात पाहतात. लडाखातल्या पुगा येथे भूगर्भातल्या उष्ण पाण्याचा माग काढतानाही खडकाचा हाच गुण उपयोगी पडला.

मात्र चाळीस मीटर खाली पाहायचे तर साधारण दोनशे मीटर सरळ रेघ लागते. आपली भातखाचरे एवढी कुठली? तेव्हा शेजाऱ्याला आधी विचारून ठेवावे. रेघ उतारावर उभी नको, आडवी धरावी. तारेचे कुंपण, लोखंडी पाइप जवळ नकोत. उन्हाळ्यात सळीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते.

आणखी एक मेख आहे. चिकणमाती आणि दोन थरांमधली तांबडी मातीही विजेला वाट देते, पण पाणी फारसे देत नाही. म्हणून नुसत्या आकड्यांवर न जाता आसपासच्या विहिरी, ओढ्याच्या दरडी पाहणारा भूवैज्ञानिक हवा. ‘तीन इंच पाणी लागेल’ असे तो सांगणार नाही. सांगू लागला, तर मला त्याचाच संशय येईल!

१९७२ साली स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. तिथे किंवा खासगी जाणकाराकडे गेलात, तर जागेबरोबर किती खोल जायचे तेही लेखी घ्या. गाडीवाला ‘अजून शंभर फूट मारू’ म्हणाला, की तो कागद दाखवायचा.