आजारी सागरी माशांचे रुग्णालय : विलगीकरण टाकी

मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि काचेपलीकडे संथपणे विहरणारे सागरी मासे मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांच्या कुतूहलाचा विषय ठरले. पुढे सार्वजनिक मत्स्यालयांपुरती मर्यादित असलेली ही हौस घराघरांत पोहोचली. खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिवाणखान्यांत आल्या. तथापि, असे मासे आणणे जितके सोपे, तितके ते निरोगी राखणे सोपे नाही. नवा मासा टाकीत सोडल्यानंतर पंधरवड्याच्या आतच जुनेनवे सर्व मासे दगावल्याचा कटू अनुभव अनेक हौशी मत्स्यपालकांना येतो. ही हानी बहुतांशी टाळता येण्यासारखी असते. त्यासाठी एक छोटी, साधी, स्वतंत्र टाकी पुरेशी ठरते. तिलाच विलगीकरण टाकी म्हणतात.

विलगीकरणाची कल्पना जुनी आहे. एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरील रगूसा, म्हणजे आजचे डुब्रॉव्हनिक, या नगरराज्याने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. जे तत्त्व बंदरात, तेच टाकीत लागू पडते.

रोगाचे मूळ

सागरी माशांना ग्रासणाऱ्या विकारांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वपरिचित आहे. माशाच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसू लागतात, मासा दगडांवर अंग घासतो, अन्न नाकारतो आणि धापा टाकतो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे हा रोग होतो. १९३७ मध्ये जपानमध्ये सिकामा यांनी त्याची नोंद केली, तर १९५१ मध्ये ब्राऊन यांनी त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले.

या परजीवीचे जीवनचक्र समजून घेतल्याखेरीज उपचाराचे मर्म उमगत नाही. माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत शिरून तो सुमारे तीन ते सात दिवस पोसला जातो. नंतर तो मासा सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचाच्या आत विभाजन होऊन काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी, दोनशेपर्यंत नवे जीव बाहेर पडतात व माशाचा शोध घेऊ लागतात. एक-दोन दिवसांत मासा न सापडल्यास ते मरतात.

म्हणूनच ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला, हा समज घातक ठरतो. त्या वेळी रोग माशावरून उतरून वाळूत दबा धरून बसलेला असतो. औषधांचा परिणामही मुख्यतः पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या नवजात अवस्थेवरच होतो. त्वचेखालील आणि कवचातील परजीवी त्यातून सुटतात.

स्वतंत्र टाकी कशासाठी ?

मग मुख्य टाकीतच औषध का घालू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. या रोगावरील प्रमुख औषध तांबे हे आहे, आणि प्रवाळ, कोळंबी, शंख-शिंपले यांना ते विषासमान असते. शिवाय चुनखडीयुक्त खडक व वाळू तांबे शोषून घेतात. त्यामुळे पाण्यातील औषधाचे प्रमाण स्थिर राहत नाही. परिणामी रोग हटत नाही आणि टाकीतील अन्य जीवसृष्टी मात्र नष्ट होते.

रचना व निगा

लहान माशांसाठी ७५ ते १०० लिटरची टाकी पुरते. तळ मोकळा ठेवावा. वाळू, प्रवाळ वा शंख घालू नयेत. माशाला आडोसा मिळावा म्हणून प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे ठेवावेत. हवेचा पंप, तापमान स्थिर राखणारा हीटर आणि स्पंजाची गाळणी एवढी सामग्री आवश्यक आहे. जाळी व बादली स्वतंत्र असावी, कारण ओल्या जाळीबरोबरही रोग एका टाकीतून दुसरीत जातो.

नव्या टाकीत खरा धोका असतो तो अमोनियाचा. माशांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या या विषारी द्रव्याचे रूपांतर करणारे जिवाणू तेथे नसतात. यास्तव स्पंज आधी काही आठवडे निरोगी टाकीत चालवून जिवाणूंची वाढ होऊ द्यावी. अमोनियाची तपासणी रोज करावी आणि तो आढळताच, तेवढ्याच क्षारतेचे व तापमानाचे ताजे पाणी घालून काही भाग बदलावा.

उपचाराच्या तीन पद्धती

पहिली पद्धत तांब्याची. द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे मोरचूद हे तांब्याचेच संयुग होय. पाण्यात मुक्त तांब्याचे प्रमाण दर लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखून ते सुमारे तीन आठवडे टिकवावे लागते. शंभर लिटर पाण्याला लागणारे तांबे अवघ्या ८० मिलिग्रॅम मोरचुदात असते. यावरून अंदाजाने चिमूटभर टाकणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानी येईल. शेतीसाठीचे मोरचूद वापरू नये. मत्स्यालयासाठी बनविलेले औषध त्यावरील सूचनेनुसार द्यावे आणि चाचणी संचाने प्रमाण रोज तपासावे. पाणी बदलल्यास तेवढ्याच पाण्यापुरती औषधाची भर घालावी. मुशी व पाकट यांना तांबे सोसत नाही.

दुसरी पद्धत क्षारता घटविण्याची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने १५ ग्रॅमच्या आसपास आणून चार आठवडे तसेच ठेवल्यास परजीवी सहसा तग धरू शकत नाही. माशाचे शरीर मात्र हा बदल सोसते. उलट, समुद्रमाशाला शरीरातील जादा क्षार सतत बाहेर टाकावे लागतात, तो श्रम येथे हलका होतो. क्षारता पूर्ववत करताना मात्र अनेक दिवस घ्यावेत.

तिसरी पद्धत औषधाविना आहे. इस्रायलमधील इलात येथे कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत माशाला दर तीन दिवसांनी, असे चार वेळा, स्वच्छ व कोरड्या केलेल्या टाकीत हलवितात. मासा सोडून गेलेला परजीवी मागेच राहतो आणि टाकी वाळविताच मरतो.

या साऱ्यात निदानाचे महत्त्व विसरता येत नाही. अंगावर सोनेरी धुळीसारखा थर दिसून मासा वेगाने श्वास घेऊ लागल्यास तो अ‍ॅमायलूडिनियम या दुसऱ्या परजीवीचा प्रादुर्भाव असू शकतो. त्यात काही दिवसांतच मृत्यू ओढवतो आणि क्षारता घटवून उपयोग होत नाही. तेथे तांबेच तातडीने द्यावे लागते. प्रतिजैविके मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नयेत. त्यांनी उपयुक्त जिवाणूही मरतात.

संयमाची कसोटी

मासे उपचार घेत असताना मुख्य टाकी किमान सहा आठवडे माशांविना ठेवावी. काही जाणकार अकरा आठवड्यांची मुदत सुचवितात. यजमान न मिळाल्याने तेथील परजीवी आपोआप संपतात. याच कारणास्तव प्रत्येक नवा मासा, तो कितीही सुदृढ दिसला तरी, चार आठवडे वेगळा ठेवणे इष्ट होय.

या विषयाचे महत्त्व हौशीपुरते सीमित नाही. जिताड्यासारखे मासे पिंजऱ्यांत दाटीने वाढविले जातात, तेथेही हाच परजीवी शिरतो आणि संवर्धकाची वर्षाची कमाई हिरावून घेऊ शकतो. बाजारातील पुष्कळसे शोभिवंत सागरी मासे आजही प्रवाळ खडकांतून पकडून आणलेले असतात. घरच्या टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी समुद्रातून आणखी एक मासा उचलला जातो. कोपऱ्यातील ती साधी, उघड्या तळाची टाकी शोभेची नसली, तरी समुद्रावरचा हा भार हलका करण्यास तिचा हातभार लागतो.