तमिळ सीतेचं लग्न आणि प्रभातचा मांडव

1934 साली 'पवळक्कोडी' नावाचा तमिळ बोलपट आला. त्याच्या श्रेयनामावलीत नेहमीच्या मंडळींबरोबर आणखी एक नाव होतं : 'कावळे उडवणारा - जो'. ही थट्टा नव्हती. मद्रासच्या अड्यार भागात उघड्यावर, सूर्यप्रकाशाच्या भरवशावर चित्रण चालायचं. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या गळ्यानं गायचं, वादकांनी चौकटीबाहेर अंग चोरून साथ करायची आणि ध्वनिमुद्रण तिथल्या तिथं. दुपारी युनिट जेवायला बसलं की उष्ट्यावर कावळे जमायचे. पानं उचलून गाणं सुरू झालं की तेही सूर लावायचे. शेवटी एक अँग्लो-इंडियन गृहस्थ एअरगन देऊन कामावर ठेवला गेला आणि पडद्यावर त्याच्या कामाची रीतसर नोंदही झाली. पन्नासेक गाण्यांचा बोलपट तो, म्हणजे जोला फुरसत फार मिळाली नसणार.

हा किस्सा मद्रासचा असला तरी त्याचं गाव पापनाशम. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम इथं जन्मलेले, आणि गाणी लिहिणारे शिवन तर गावाचं नावच पुढं लावणारे. पडद्यावर पहिल्यांदा उभा राहिलेला नायक एम. के. त्यागराज भागवतर हा मायवरमचा, म्हणजे त्याच कावेरीकाठचा. पुढं दहा वर्षं तमिळ मुलखानं डोक्यावर घेतलेला गळा तो हाच.

तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर, भातखाचरांच्या मधोमध हे गाव आहे. 108 शिवलिंगांचं देऊळ आणि नायकांच्या काळातलं विटांचं भलंमोठं धान्याचं कोठार, एवढी त्याची प्रसिद्धी. कमल हासनच्या 2015 सालच्या 'पापनाशम'मुळे काहीजण इथं भलत्याच अपेक्षेनं उतरतात. तो सिनेमा तिरुनेलवेलीकडच्या दुसऱ्या पापनाशमवरचा. इथल्या लोकांनी हे समजावून सांगणं आता सोडून दिलंय. "हो, हो, इथंच" म्हणून मोकळे होतात.

मला हे किस्से सांगणारे दोन म्हातारे मित्र आहेत. एक तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून पूर्वज इकडे आले म्हणतात. तमिळ लोक अशांना सरसकट 'रायर' म्हणतात, तेव्हा इथंही तेच म्हणू. दुसरे त्यांचे शेजारी, अय्यर. अय्यरांकडे जुन्या तव्यांचा, म्हणजे 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डचा साठा आहे आणि चावीचा ग्रामोफोन अजून चालू आहे. दोघं संध्याकाळी अय्यरांच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसतात, एक रेकॉर्ड लावतात आणि भांडतात. भांडणाचा विषय ठरलेला : हे गाणं नक्की कुणाच्या बापाचं?

रायरांचा दावा असा की तमिळ सिनेमाच्या संगीताची नाळ आमच्याकडे पुरलेली आहे. पुरावा म्हणून ते पहिला पत्ता टाकतात तो 'सीता कल्याणम'चा. पापनाशम शिवननी सिनेमासाठी पहिल्यांदा गाणी रचली ती या 1934 च्या तमिळ बोलपटात, आणि तो काढला होता प्रभात फिल्म कंपनीनं! तीच प्रभात, 1929 साली कोल्हापुरात निघालेली आणि 1933 मध्ये पुण्याला हललेली, तुतारी वाजवणाऱ्या बाईच्या बोधचिन्हाची. दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंढारकरांचं नाव लागतं. कलाकार मात्र मद्रासहून आणलेले, आणि तेही घाऊक : मैलापूरच्या सुंदरम अय्यरांचं जवळजवळ अख्खं घर. वडील जनक झाले, मुलगा एस. राजम राम झाला, मुलगी जयलक्ष्मी सीता झाली. धाकट्या बालचंदरला रावणाच्या दरबारात खंजिरी देऊन बसवलं. वय सहा-सात. हाच मुलगा पुढं वीणावादक एस. बालचंदर म्हणून जगभर गाजला आणि 1954 मध्ये त्यानं 'अंद नाळ' हा एकही गाणं नसलेला तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. खंजिरीचा वचपा काढला, असं अय्यर म्हणतात.

त्या सेटवर काय भाषिक गोंधळ असेल याची कल्पना करून बघावी. कॅमेऱ्यामागे कोल्हापुरी मराठी, कॅमेऱ्यापुढे मैलापुरी तमिळ, आणि मधल्या मध्ये तमिळ कीर्तनं रचणारे शिवन, ज्यांचं स्वतःचं शिक्षण त्रिवेंद्रमला मल्याळी आणि संस्कृतच्या वातावरणात झालेलं.

"तुमच्या सीतेचं लग्न आम्ही लावून दिलं," रायर म्हणतात. "मांडव आमचा, वाजंत्री आमची, अक्षता आमच्या."

"ओय रायर," अय्यर शांतपणे म्हणतात, "आणि नवरा-नवरी म्हणून सख्खे भाऊ-बहीण उभे केलेत. असलं लग्न तुम्हीच लावावं."

सनातनी मंडळींनी तेव्हा यावरून नाकं मुरडली होती, हे खरं. रायर त्यावर एवढंच म्हणतात की वधूवरांची जुळवाजुळव वधूपित्याची असते, मांडववाल्याची नव्हे. आणि इथं तर वरपिताही तोच होता.

शिवनबद्दल बोलताना मात्र दोघांचा आवाज जरा खाली येतो. मूळ नाव रामय्या. जन्म 1890 चा, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या पोलगमचा. वडील लवकर गेले, आई मुलांना घेऊन त्रिवेंद्रमला गेली. आईही गेल्यावर हा तरुण देवळादेवळांतून गात हिंडत राहिला आणि थोरल्या भावाकडे पापनाशमला येऊन टेकला. अंगभर भस्म फासून भजनात बेभान झालेला हा माणूस पाहून गणपती अग्रहारच्या भक्तांनी त्याला साक्षात शिवनच म्हणायला सुरुवात केली. नाव चिकटलं ते कायमचं. पुढं 'तमिळ त्यागराज' हा किताब आला, 1971 मध्ये संगीत कलानिधी, 1972 मध्ये पद्मभूषण. 1973 मध्ये ते गेले. एवढा सोवळा माणूस सिनेमात रमला कसा, याचं उत्तर अय्यरांकडे तयार आहे : "त्यांनी सिनेमाला भजनाला बसवलं. भजन सोडून ते सिनेमात गेले नाहीत."

पण गेले तेव्हा पूर्ण गेले. 1939 च्या 'त्यागभूमी'त ते चक्क नायकाच्या जागी आहेत, पुजारी शंभू शास्त्री म्हणून. दिग्दर्शक पुन्हा के. सुब्रह्मण्यम. म्हणजे एका छोट्या गावाशी बांधलेले दोघं, एक कॅमेऱ्यामागे आणि एक पुढे. कथा लेखक कल्कींची, 'आनंद विकटन' साप्ताहिकात ती क्रमशः छापून येत होती ती सिनेमातल्याच छायाचित्रांसह. गांधीवादाचा वास आला म्हणून ब्रिटिश सरकारनं बंदीचा बडगा उचलला. बंदी येतेय म्हटल्यावर सुब्रह्मण्यम आणि 'विकटन'चे मालक एस. एस. वासन यांनी मद्रासच्या गेइटी थिएटरात खेळ फुकट दाखवायचं जाहीर केलं. तोबा गर्दी उसळली आणि पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या. तिकीट लावलं असतं तर एवढी गर्दी झाली नसती, हे अय्यरांचं मत. तंजावर जिल्ह्याच्या स्वभावाचं निदान म्हणून मी ते मान्य करतो.

तंजावरात भाषांच्या सरमिसळीवर हसण्याची जुनी रीत आहे. शहाजीराजे दुसरे (1684 ते 1712 त्यांची कारकीर्द) यांनी 'पंचभाषा विलास' नावाचं नाटकच लिहिलं. वेगवेगळ्या देशींच्या राजकन्या कृष्णावर भाळतात आणि प्रत्येकजण आपल्याच भाषेत बोलते : तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी. जोडीला संस्कृत आहेच. सगळ्यांची समजूत काढायची ती कृष्णाच्या बाजूनं. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले, त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचा नवा ढंग बसवला, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळं तमिळ कथेत येऊन बसलं. आजही इकडचा भागवतर, म्हणजे कथेकरी, तमिळमध्ये कथा रंगवता रंगवता मध्येच मराठी साकी म्हणतो. एक अक्षर कळत नसूनही श्रोते माना डोलावतात.

"कळत नाही म्हणूनच डोलवतो," अय्यर म्हणतात. "तमिळ असतं तर चुका काढल्या असत्या."

तर आता मुख्य रेकॉर्ड. 'हरिदास', 1944. अय्यर ती लावण्याआधी हात धुतात. लाखेचा जड तवा, मधल्या लेबलाचा रंग उडालेला. तबकडीवर ओला नव्हे, कोरडा मऊ कपडा, तोही खाचांच्या वळणानं फिरवायचा. आडवा फिरवला तर ते ओरडतात. सुई दर बाजूला नवी. पोलादी सुया डबीत मोजून ठेवलेल्या, वापरलेल्या सुयांना वेगळी डबी. चावी भरताना ओठ हलतात, वेढे मोजत असावेत. मग आधी खरखर, आणि त्या खरखरीतून भागवतरांचा तो उंच, निमुळता, कुठंही न फाटणारा आवाज. 'मन्मथ लीलै'. राग चारुकेशी, शब्द शिवनचे, वाद्यमेळ जी. रामनाथन यांचा. पडद्यावर टी. आर. राजकुमारी. तव्याच्या एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडी, एवढीच जागा. तेवढ्यात एका मुलखाला वेड लावायचं.

चारुकेशी हा कर्नाटक संगीतातल्या बहात्तर मेळकर्त्या रागांतला सव्विसावा. त्याला घराघरांत पोहोचवलं ते या गाण्यानं. उत्तरेत तो बराच नंतर रुळला. मदनमोहननं 'दस्तक'मध्ये लताबाईंकडून गाऊन घेतला तो 1970 मध्ये. "तुम्ही आम्हाला साकी-दिंडी दिलीत, आम्ही तुम्हाला चारुकेशी दिला," अय्यर सांगतात. "हिशेब चुकता."

रायर हिशेब चुकता होऊ देत नाहीत. कारण 'हरिदास'चे दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी! मंगळूरचे, मुंबईच्या मूकपटांत उमेदवारी केलेले. आणि गोष्ट? बायकोच्या आणि बाईच्या नादानं आईबापांना छळणारा मुलगा, पाय गमावतो, पश्चात्ताप पावतो आणि आईबापांच्या सेवेलाच देवपूजा मानतो. मराठी माणसाला इथं पुंडलिक आठवला नाही तर काय आठवणार?

"म्हणजे दिग्दर्शक कोकणी, कथा पंढरपूरची," रायर बोटं दुमडत मोजतात, "तुमचं उरलं काय?"

"खटला," अय्यर म्हणतात. "तोही घेऊन जा."

न हसून कसं चालेल? आणि विषय तर मुळीच हसण्याचा नाही. 'हरिदास' 1944 च्या दिवाळीला लागला. नोव्हेंबरात लक्ष्मीकांतन या चित्रपटसृष्टीतल्या भानगडी छापणाऱ्या पत्रकाराचा मद्रासमध्ये खून झाला आणि वर्ष संपायच्या आत त्याच प्रकरणात भागवतर आणि विनोदी नट एन. एस. कृष्णन दोघंही गजाआड. दोघंही 'हरिदास'मध्ये होते. मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात सिनेमा तीन दिवाळ्या चालला. लोक रांगा लावून पडद्यावरच्या भागवतरांना पाहत होते आणि खरे भागवतर तुरुंगात होते. पश्चात्तापाचं गाणं थिएटरात घुमत असताना त्यांच्या वकिलांची अपिलं चालू होती. प्रिव्ही कौन्सिलनं फेरविचाराला पाठवल्यावर 1947 मध्ये दोघं निर्दोष सुटले. विनोदी नटाला लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतलं. गाणाऱ्या नायकाला नाही. केसांच्या ज्या वळणाला मद्रासचे न्हावी 'भागवतर क्रॉप' म्हणत, ते वळणही तोवर जुनं झालं होतं. 1959 मध्ये, पन्नाशीही न गाठता ते गेले. माझ्या मते त्या आवाजाची ओढ आजही टिकली आहे त्यामागं या शेवटाचा हात मोठा आहे. अय्यरांना हे अजिबात पटत नाही, ते म्हणतात सूर पुरेसा आहे, कोर्टाची गरज नाही.

रायरांकडे स्वतःची अशी एकच रेकॉर्ड आहे, बालगंधर्वांची, आजोळहून आलेली. अय्यरांच्या ग्रामोफोनवर ती पहिल्यांदा वाजली तेव्हाची हकिकत दोघंही सांगतात, तपशिलात भांडत. अय्यरांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि विचारलं, बाई कुठल्या?

"बाई नव्हे, पुरुष. नारायणराव राजहंस. मिशा काढून शालू नेसायचे, आणि पुण्यामुंबईच्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकायच्या."

रायरांना वाटलं, आता तरी म्हातारा गप्प बसेल. अय्यर उठले, आत गेले आणि के. बी. सुंदरांबाळची रेकॉर्ड घेऊन आले. 1935 चा 'नंदनार', दिग्दर्शक माणिकलाल टंडन, म्हणजे एलिस डंगन या अमेरिकन मित्राला मद्रासला घेऊन येणारा पंजाबी. तमिळ न येणाऱ्या त्या डंगननं पुढच्याच वर्षी एम. जी. रामचंद्रनना पहिल्यांदा पडद्यावर आणलं. 'नंदनार'मध्ये शिवभक्त नंदनाराची भूमिका या बाईनं केली. पुरुषाची.

"तुमच्याकडे पुरुष बाई होतो," अय्यर सुई बदलत म्हणाले, "आमच्याकडे बाई नंदनार होते, आणि एक लाख रुपये वाजवून घेते. 1935 साली. तुमच्या राजहंसांना किती मिळाले?"

रायर म्हणाले, राजहंसांना मिळालं नाही, त्यांनी अत्तरावर आणि भरजरी पडद्यांवर घालवलं, वर कर्ज केलं. अय्यर म्हणाले, म्हणजे एवढ्या एका बाबतीत तरी तुमचे आमच्यापुढे आहेत.