असं का होतं? – गाडीची शेपटी
हॅचबॅकची मागची काच इतकी लवकर का मळते? धावत्या गाडीच्या सपाट पाठीमागे हवा एकदम वळू शकत नाही. तिथे कमी दाबाचे भोवरे तयार होतात. ते धूळ उडवतात आणि गाडीलाही मागे खेचतात. वेग दुप्पट, तर हवेचा विरोध चौपट.

म्हणून अमेरिकेतले काही हौशी लोक पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्यांची निमुळती शेपटी घरीच बांधतात. माशाच्या अंगासारखा तिचा उतार हवेला हळूहळू एकत्र आणतो. खरी मेख कोनात आहे. उतार साधारण १५ अंशांहून तीव्र झाला, की हवा पृष्ठभाग सोडते आणि मेहनत वाया जाते. शेपटी टोकापर्यंत न्यायलाच हवी असंही नाही. ती मध्येच छाटली तरी बराच फायदा टिकतो, हे जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या १९३०च्या दशकातल्या कामातून दिसलं. फायदा महामार्गावरच, शहरातल्या कोंडीत इंधन फारसं वाचत नाही.