दुसऱ्या वाटेचे नाव

दौंडला दोन रेल्वे स्थानके आहेत, हे बाहेरच्या माणसाला बहुधा गाडी चुकल्यावर कळते. एक जुने जंक्शन. रेल्वेच्या दप्तरात त्याचा संकेत डीडी. दुसरे दौंड कॉर्ड लाइन. त्याचा संकेत डीडीसीसी. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणारी गाडी पूर्वी जंक्शनात येई, तिचे इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि मग ती उलट तोंडाने नगरची वाट धरी. हा खोळंबा टाळण्यासाठी जंक्शनाला बगल देणारा जोडमार्ग झाला आणि त्यावर वेगळे स्थानक आले. आमच्या शिरूरला रेल्वे नाही. घोडनदीकाठची माणसे बोचकी घेऊन दौंड गाठतात. तिकिटावर ‘दौंड’ एवढेच वाचून जंक्शनात बसून राहिलेले आणि पलीकडून आपली गाडी निघून गेल्यावर हळहळणारे प्रवासी मी पाहिले आहेत.

संगणकाच्या खोलीत आयुष्याची बरीच वर्षे काढल्यावर मला वाटते, की त्या दोन संकेतांत एक मोठा धडा आहे. दोन ठिकाणांमध्ये दुसरी वाट काढणे हे अर्धेच काम. त्या वाटेला दप्तरात स्वतःचे नाव लागते, पायाखाली स्वतःची जमीन लागते आणि तिच्यावर अधूनमधून कोणीतरी चालावे लागते. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी ऐन वेळी ती वाट नसल्यासारखीच. मी हे पुस्तकातून शिकलो नाही, चुकांतून शिकलो. त्या चुका येथे मांडतो.

दोन यंत्रे आणि वेशीवरचा दुभाषा

आयबीएम कंपनीने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा संगणक जाहीर केला. मोठ्या बँकांचे अवाढव्य मेनफ्रेम एकीकडे आणि टेबलावरचा पीसी दुसरीकडे. या दोहोंच्या मधला म्हणून त्याला मिडरेंज म्हणत. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली होती. १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत ती परतली. त्यानंतर आपल्याकडच्या कारखान्यांत ही यंत्रे दिसू लागली. पुढे नावे बदलली, आयसिरीज झाले, सिस्टिम आय झाले. पण जुने लोक अजून ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. काळा पडदा, हिरवी अक्षरे, चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभ.

अडचण भाषेची होती. हे यंत्र एसएनए नावाच्या, १९७४ मध्ये जन्मलेल्या आयबीएमच्या रीतीने बोले. कार्यालयातले पीसी बोलत टीसीपी/आयपी. म्हणून मध्ये एक यंत्र बसवत, ज्याला दोन्ही भाषा येत. तो गेटवे सर्व्हर. गावाच्या वेशीवर बसलेला दुभाषाच म्हणा ना. आतली चाळीस माणसे त्याच्याशी आपल्या भाषेत बोलणार आणि तो त्यांचे म्हणणे पलीकडे पोचवणार.

अशा दुभाष्याशी आपणा सर्वांची गाठ पडलेली आहे. रेल्वेचे आरक्षण दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांतल्या संगणकांवर चालते. हे संगणकही मधल्या गटातले. आधी व्हॅक्स, मग अल्फा. त्यांवरची ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिलेली. १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट मिळू लागले, तेव्हाही ती जुनी प्रणाली मोडून टाकली नाही. नव्या संकेतस्थळाला तिच्याशी बोलायला लावले. दौंडच्या खिडकीवरचा कारकून आणि घरात मोबाइल घेऊन बसलेली मुलगी वेगवेगळ्या वाटांनी एकाच साठ्यातली जागा मागत असतात.

पहिली चूक : नाव

मी अभियंता नाही. शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात डेटा एन्ट्रीला लागलो आणि मॅन्युअले वाचत वाचत संगणक खोलीचा राखणदार झालो. कारखान्यात एएस/४०० होते. दौंडला मालाचे गोदाम होते. गोदामात एक गेटवे सर्व्हर आणि त्याच्यापासून कारखान्यापर्यंत भाड्याने घेतलेली एक तार. गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गेटपास कारखान्यातल्या यंत्रावर तयार होऊन गोदामातल्या प्रिंटरवर छापला जाई. तार बंद, तर ट्रक बंद. म्हणून वरिष्ठांनी दुसरी तार घेतली. जोडणी करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी सरळ मार्ग धरला. पहिल्या जोडणीतल्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा दुसरीत उतरवल्या. पहिली तार चालू होती, काम सुरळीत होते, कोणी काही विचारले नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री पहिली तार गेली. दुसरी उचलून धरील म्हणून मी निर्धास्त होतो. ती लागेचना. गोदामापुढे भरलेल्या ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने खिडकीशी येऊन विचारत. त्यांना सणाला घरी पोचायचे होते आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कारण सकाळी सापडले. एएस/४०० मध्ये जोडणीची नोंद तीन पायऱ्यांत असते : लाइन, कंट्रोलर आणि डिव्हाइस. लाइन म्हणजे रस्ता. कंट्रोलर म्हणजे त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाचे घर. डिव्हाइस म्हणजे त्या घरातले एकेक माणूस. कोणी पडदा, कोणी प्रिंटर. जोडणी सुरू होताना दोन्ही यंत्रे आधी एकमेकांना ओळख सांगतात : नेटवर्कचे नाव, त्यापुढे कंट्रोल पॉइंटचे नाव, दोन्ही जास्तीत जास्त आठ अक्षरांची, आणि एक आठ चिन्हांचा क्रमांक, ज्यातली पहिली तीन यंत्राचा प्रकार सांगतात व उरलेली पाच ते यंत्र नेमके कोणते ते.

माझ्या दोन्ही तारांवरून गेटवे एकच नाव सांगत होता. पहिली तार तुटल्यावर कारखान्यातल्या यंत्राने त्या नावाचे घर बंद केले नव्हते. ते परत येईल म्हणून वाट पाहत होते. ठरावीक प्रयत्न संपल्यावर त्याने ऑपरेटरच्या निरोपांच्या रांगेत प्रश्न टाकला : सोडून द्यायचे की पुन्हा प्रयत्न करायचा? ऑपरेटर घरी गेलेला. तेवढ्यात दुसऱ्या तारेवरून तेच नाव सांगत कोणी आले. यंत्राने ते नाकारले. त्याच्या दृष्टीने तो गृहस्थ पहिल्या रस्त्यावर राहत होता आणि त्याच्याबद्दलचा प्रश्न अजून सुटायचा होता.

उपाय साधा होता. दुसऱ्या जोडणीला वेगळे कंट्रोल पॉइंट नाव आणि वेगळा क्रमांक दिला. कारखान्याच्या बाजूला तिच्यासाठी वेगळा कंट्रोलर आणि त्याखाली वेगळे डिव्हाइस तयार केले. प्रिंटरलाही दुसरे नाव द्यावे लागले. नाहीतर पडदे जिवंत होतात आणि गेटपास मात्र मेलेल्या प्रिंटरच्या नावावर साचत राहतात. मग दोन्ही वाटांवरचे पडदे गेटवेमध्ये एकाच गटात ठेवले. नवा माणूस आला की गेटवे त्याला मोकळी असलेली कोणतीही जागा देतो, आणि भारही वाटला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाट बदलली म्हणजे अर्धवट संभाषण नव्या वाटेवर जात नाही. पहिल्या तारेवर बसलेल्याचा पडदा जातो तो जातोच. त्याला पुन्हा नाव-संकेत देऊन आत यावे लागते. अर्धवट नोंद मागे घेण्याची सोय प्रोग्रॅममध्ये केलेली असेल, तरच हिशेब बरोबर राहतो. दुसरी वाट काम पुढे चालू ठेवते. हातातले काम वाचवत नाही.

दुसरी चूक : जमीन

नावे सुधारली आणि मी निश्चिंत झालो. काही महिन्यांनी रस्त्याकडेला खोदकाम चालू असताना दोन्ही तारा एकाच क्षणी गेल्या. दोन बिले, दोन क्रमांक, दोन मोडेम. पण जमिनीखाली दोन्ही जोड्या एकाच जाड केबलमधून जात होत्या. कागदावर दोन वाटा होत्या, जमिनीत एकच.

हे खेड्यातल्याच तारांचे होते असे नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातल्या सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. देशातले इंटरनेट मंदावले. दोन स्वतंत्र केबली, पण समुद्राचा तोच अरुंद टापू.

आम्ही मग दुसरी वाट आकाशातून नेली. गच्चीवर तबकडी बसवून उपग्रहामार्गे. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. पण हिरव्या पडद्याची एक जुनी सवय कामी आली. तो प्रत्येक अक्षर पाठवत नाही. माणूस पूर्ण पान भरतो, एंटर दाबतो आणि मगच सारे एकदम जाते. त्यामुळे तो अर्धा सेकंद कोणाला जाचला नाही.

तिसरी गोष्ट : चालणे

आज एसएनए मागे पडले आहे. ही यंत्रे थेट टीसीपी/आयपी बोलतात आणि प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा पत्ता असतो. तरी चूक तीच, फक्त वेष नवा. दोन कार्डे लावून दोन्हींना ‘बाहेर जायची वाट’ नेमली, की प्रश्न एका दाराने येतो आणि उत्तर दुसऱ्या दाराने जाते. वाटेतला फायरवॉल ते उत्तर अडवतो, कारण त्याने प्रश्न पाहिलेलाच नसतो. यावर या यंत्रांत एक सोय आहे : कोणत्याही कार्डाला न बांधलेला आभासी पत्ता. बाहेरच्यांनी तोच वापरायचा. कोणत्याही दाराने या, घर सापडते. घराचे नाव एक, दारांची नावे वेगळी. हा भेद एकदा नीट कळला की निम्मी अडचण संपते.

उरलेली निम्मी सवयीने संपते. अलेक्झांड्रियाच्या बातमीनंतर मी एक रिवाज पाडला. दर तीन महिन्यांनी, दुपारच्या वेळी, सगळ्यांना सांगून पहिली तार हाताने काढायची. दुसऱ्या वाटेवरून पडदे लागतात का, प्रिंटर बोलतो का, निरोपांच्या रांगेत प्रश्न अडकला आहे का, हे पाहायचे. सुरुवातीला वरिष्ठ वैतागले. चालू काम कशाला बंद पाडता, म्हणाले. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या वाटेवरचे एक डिव्हाइस बंद पडलेले सापडले. ते कधीपासून बंद होते, हे कोणालाच सांगता येईना. त्यानंतर कोणी वैतागले नाही.

दोन्ही वाटांची नावे मी एका वहीत लिहून ठेवली आणि ती वही यंत्राशेजारी दोरीने बांधली. नोकरी सोडताना नव्या मुलाच्या हाती प्रथम ती वही दिली. तो हसला, हे सारे पडद्यावर दिसतेच की, म्हणाला. मी म्हणालो, दिसते. पण पडदाच गेला तर? त्याने वही पुन्हा दोरीला अडकवली आणि गाठ ओढून पाहिली.