पीएच.डी.ची तयारी बी.एस्सी.च्या वर्गात



काही वर्षांपूर्वी धडगावकडची एक मुलगी आपल्या वसतिगृहात राहून बी.एस्सी. करीत होती. घरी पावरी बोली, आश्रमशाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी पुस्तके. तरीही भौतिकशास्त्रात तिला उत्तम गुण मिळत. शेवटच्या वर्षाला तिने मला विचारले, "ताई, संशोधन करणाऱ्या लोकांना पगार कोण देतं?" मला उत्तर माहीत नव्हते. मी म्हटले, "आधी बी.एड. कर, पुढचं पुढे बघू." तिने बी.एड. केले. आज ती शिक्षिका आहे आणि मन लावून शिकवते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, याची टोचणी मला अजून आहे. तेच उत्तर आज उशिरा लिहीत आहे.

पगार सरकार देते. एम.एस्सी. झाल्यावर नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. घरभाडे भत्ता वेगळा. शिवाय अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राचे आदिवासी कार्य मंत्रालय दरवर्षी ७५० नवीन फेलोशिप देते. पीएच.डी. म्हणजे बापाने जमीन विकून करायचे शिक्षण, असा आपल्या गावांत समज आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्या पुष्कळ देणगीदारांचाही आहे. तो बरोबर नाही.

मग आपली मुले तिथे का पोहोचत नाहीत? कारण ती वाटेत, त्याच्या बरीच आधी गळतात.

एकच उदाहरण घेऊ. आयआयटीत किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी.नंतर जायचे असेल, तर जॅम नावाची परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. आपली मुले माझ्याकडे कधी येतात? जूनमध्ये, निकाल हातात घेऊन. तोवर ते दार बंद होऊन कितीतरी महिने झालेले असतात. अर्ज वेळेवर भरला, तरी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन बसलेला मुलगा प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहतो. अभियांत्रिकीच्या मुलांसाठी गेट परीक्षा आहे. ती तिसऱ्या वर्षापासून देता येते, हेही अनेकांना पदवी हातात आल्यावर कळते.

दाखला निदान धावपळ करून मिळतो. शिफारसपत्र तसे मिळत नाही. प्राध्यापकाला तुमचे नाव आणि तुमची बुद्धी दोन्ही माहीत असावी लागतात. आपला विद्यार्थी मागच्या बाकावर बसतो, इंग्रजी चुकेल म्हणून तीन वर्षे तोंड उघडत नाही. सरांना तो आठवणार कसा? ज्याच्या घरात कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्याला सरांच्या केबिनमध्ये जाऊन शंका विचारता येते, हेच ठाऊक नसते.

हा प्रश्न फक्त नंदुरबारचा नाही. अमेरिकेत रोनाल्ड मॅकनेअर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी या लहान गावात वाढला. नऊ वर्षांचा असताना तो ग्रंथालयात पुस्तके मागायला गेला. काळ्यांना पुस्तके मिळत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले, तरी तो हलेना. शेवटी पोलीस आले आणि पुस्तके घेऊनच तो घरी गेला, अशी आठवण त्याच्या भावाने सांगितली आहे. याच मुलाने १९७६ मध्ये एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळविली आणि तो अंतराळवीर झाला. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघातात तो गेला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने त्याच्या नावाने योजना मंजूर केली. गरीब घरातल्या, कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना पदवीच्या काळातच पीएच.डी.साठी तयार करणे, हे तिचे काम. उन्हाळ्यात प्राध्यापकाच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधन, त्यासाठी विद्यावेतन, अर्ज लिहायला मदत, दुसरी विद्यापीठे दाखवून आणणे, असे तिचे स्वरूप आहे.

त्याहूनही मला शिकविले ते युरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाने. बर्कलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात, याचा त्यांनी १९७० च्या दशकात शोध घेतला. मुलांना गोडी नाही, घरून पाठिंबा नाही, असे सहकारी म्हणत. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांवर गेले. तेव्हा दिसले की ही मुले मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करीत होती. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून गणिते सोडवीत, एकमेकांच्या चुका काढीत. मग त्यांनी मुलांना गटात बसविले आणि सोपी नव्हे, तर अवघड गणिते दिली. मुले वर आली.

हे वाचून मी थांबले. आपण इतकी वर्षे आपल्या मुलांना काय दिले? गाईड, जादा तास, सोप्या नोट्स. अवघड काही दिलेच नाही. कदाचित आपल्याच मनात शंका होती.

आता रविवारी दुपारी वसतिगृहाच्या जेवणघरात बी.एस्सी.ची मुले फळ्यासमोर बसतात. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढतात. पहिले काही रविवार कोणी बोलेना. आता आवाज खाली स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि स्वयंपाकीणबाई कुरकुर करतात.

पुढची पायरी उन्हाळ्याची. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिने प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देतात, विद्यावेतन आणि रेल्वेभाडेही देतात. अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात. निवड झालेल्या मुलाला पुण्यात किंवा मुंबईत राहायला जागा मिळाली नाही, तर सगळे तिथेच अडते. म्हणून या वेळी आम्ही पैसे मागत नाही. दोन महिने एका मुलाला किंवा मुलीला घरात ठेवून घेईल, असे एखादे कुटुंब आपल्या मंडळीत आहे का, ते पाहा. आपल्यात कोणी निवृत्त प्राध्यापक किंवा अभियंते असतील, तर महिन्यातून एक रविवार त्या फळ्यापुढे या. कठीण प्रश्न घेऊन या. आपली नावे दिवाळीच्या आत कार्यालयात कळवावीत.